कर्ज फिटले तरी डाग फिटेना



भावाचा प्रश्न आहे, पाण्याचा आहे, विजेचा आहे. त्यांच्या पंगतीत आता आणखी एक पाहुणा येऊन बसला आहे. त्याचे नाव सिबिल. पेरणीच्या तोंडावर बँकेच्या दारात उभे राहिलेल्या प्रत्येकाला हे नाव पाठ झाले आहे. सात-बारा दिला, आठ-अ दिला, चार ठिकाणचे ना-देय दाखले दिले, आठ फेऱ्या झाल्या. शेवटी साहेब संगणकाच्या पडद्याकडे बघतात आणि म्हणतात, "तुमचं सिबिल बसत नाही." का बसत नाही? "वरून आहे." कोणत्या सालच्या कर्जाची नोंद आहे? कोणी केली? ती पुसणार कधी? याचे उत्तर साहेबांकडे नसते आणि त्यांच्या साहेबांकडेही नसते.

म्हणून या बैठकीत एकच प्रश्न धसाला लावायचा आहे. थकलेल्या कर्जाची नोंद माणसाच्या नावावर किती वर्षे राहावी?

किमान आहे, कमाल नाही

आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. २००० साली सिबिल नावाची कंपनी स्थापन झाली. २००५ साली संसदेने पतमाहिती कंपन्यांचा कायदा केला. आज अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हायमार्क. गावात चौघींनाही सिबिलच म्हणतात, जसे कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात. कोणी किती कर्ज घेतले, कधी फेडले, किती थकवले याची माहिती बँका या कंपन्यांना देतात. कंपन्या त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण लावतात. पूर्वी ही माहिती महिन्याला जाई. १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याला जाऊ लागली.

आता कायद्याची गंमत पाहा. ही माहिती कंपनीने किमान सात वर्षे जपून ठेवलीच पाहिजे, असे नियम सांगतो. किमान! जास्तीत जास्त किती वर्षे ठेवावी, यावर तो नियम मूग गिळून बसला आहे. दुसऱ्याच्या रानात शिरलेले ढोर किमान सात दिवस कोंडवाड्यात ठेवा असे सांगायचे, आणि सोडायचे कधी ते सांगायचेच नाही, अशातला हा प्रकार आहे.

ज्या अमेरिकेतल्या शिकागोच्या ट्रान्सयुनियन कंपनीच्या ताब्यात आपली सिबिल आहे, तिच्या देशात काय चालते? तिथे १९७० साली कायदा झाला. थकलेल्या कर्जाची नोंद साधारणपणे सात वर्षांनंतर दाखवायची नाही, दिवाळखोरीची दहा वर्षांनंतर दाखवायची नाही. म्हणजे तिथे सात हा आकडा छपराचा आहे. आपल्याकडे तोच सात जोत्याचा झाला. इंग्लंडात सहा वर्षांनी नोंद निघते. त्या देशांतल्या बँका बुडाल्या नाहीत आणि सावकारी बंद पडली नाही. माणूस एकदा पडला तर त्याला उठून उभे राहायला वाव पाहिजे, एवढे शहाणपण त्यांना कळले.

२०१७ साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. बीटी बियाण्याने अळी मरते अशी खात्री देऊन बियाणे विकले होते, ती खात्री अळीने खाल्ली. त्या हंगामात ज्याचे कर्ज थकले त्याची किमान सात वर्षे २०२४ मध्ये भरली. पण कमाल मर्यादाच नसल्यामुळे त्याची नोंद पुसा असे कोणाला सांगताही येत नाही. अळीचे पिढ्यानपिढ्यांचे चक्र संपले, कागदावरची अळी जिवंत आहे.

दाव्याला मुदत आहे, डागाला नाही

१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या उसनवारीच्या पैशाचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. गहाणाला बारा वर्षे. त्यानंतर न्यायालयाचा दरवाजा बंद. कायदा असे का म्हणतो? जुने हिशेब उकरत बसू नये, साक्षीदार मरतात, कागद कुजतात, माणसाला कधीतरी निर्धास्त झोप लागावी म्हणून. पण जे कर्ज न्यायालयात वसूल करता येत नाही, ते सिबिलच्या पडद्यावर खुशाल दिसत राहते. न्यायाधीश जे करू शकत नाही ते कारकून करतो.

सोसायटीच्या सभासदाला तर तेवढाही आसरा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचे कलम ९२ वाचून पाहा. सभासदाकडून येणे असलेल्या रकमेच्या दाव्याची मुदत कधीपासून मोजायची? सभासद मरेल किंवा त्याचे सभासदत्व संपेल त्या दिवसापासून. म्हणजे आपल्या मुदतीचे घड्याळ आपल्या तिरडीबरोबर चालू होते.

दीडशे वर्षांपूर्वीची वही

हा खेळ नवा नाही. १८५९ साली इंग्रज सरकारने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळाचे रक्षण हा होता. सावकाराने त्यातून वाट काढली. तीन वर्षे भरत आली की कुळाला बोलवायचे, मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घ्यायचे, अंगठा उठवायचा. व्याजाचे मुद्दल झाले, मुद्दलावर पुन्हा व्याज. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा आपला जुना दामदुपटाचा न्याय या नव्या खतांच्या चळतीखाली चिरडून गेला. आज मार्चअखेर सोसायटीत कर्ज नवे-जुने होते, त्याची ही आजी.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव हेच झाले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगालाही एक गोष्ट मान्य करावी लागली. लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या कागदांवर होता. खते, वह्या, हुकूमनामे बाहेर काढले आणि पेटवले. निरक्षर शेतकऱ्याला नेमके समजले होते की आपल्या मानेवर माणूस बसलेला नाही, कागद बसलेला आहे.

त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात न्यायालयाला अधिकार मिळाला की खतावर लिहिलेला आकडा तेवढा बघायचा नाही, त्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायचा. परक्या इंग्रजाने कबूल केले की कागद म्हणतो तेवढेच खरे नसते. आपल्या स्वतंत्र देशाच्या संगणकाला ते अजून कबूल नाही. १८७५ ची वही निदान गावात होती आणि ती कोण लिहितो ते माहीत होते. आजची वही कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही, आणि ती जाळताही येत नाही. जाळायची गरजही नाही. तिला मुदत घालायची गरज आहे.

कोल्हापूरचा धडा

कोणी म्हणेल, कर्जमाफी झाली की सुटलो. त्याने कोल्हापूर जिल्ह्याकडे बघावे. हा उसाचा, पाण्याचा, सहकाराचा जिल्हा. कोरडवाहू शेतकऱ्याने हेवा करावा असा.

२९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने कर्जमाफी जाहीर केली. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी. त्यावरच्या शेतकऱ्याने पंचाहत्तर टक्के भरले तर पंचवीस टक्के सूट. कोल्हापूर जिल्हा बँकेच्या कर्जदारांची खाती त्या योजनेत मिटली. चार वर्षे गेली. २०१२ साली नाबार्डने सांगितले की ज्यांना पीक कर्जाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कर्ज दिले गेले होते, त्यांची जादा रकमेची माफी अपात्र. सुमारे ४५ हजार शेतकरी आणि सुमारे ११२ कोटी रुपये. मेलेले कर्ज उठून बसले.

मर्यादा कोणी ठरवली होती? शेतकऱ्याने नाही. कर्ज कोणी मंजूर केले? शेतकऱ्याने नाही. माफीच्या याद्या कोणी केल्या, कोणी तपासल्या? शेतकऱ्याने नाही. सगळ्या सह्या दुसऱ्यांच्या आणि बोजा मात्र शेतकऱ्याच्या नावावर. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१७ साली तिथे शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला, तरी पुढे सर्वोच्च न्यायालयाची पायरी सुटली नाही. कर्ज २००७ च्या आधीचे, माफी २००८ ची, फिरवाफिरवी २०१२ ची, निकाल २०१७ चा. ज्या काळात अमेरिकेतल्या शेतकऱ्याची पाटी कोरी झाली असती, त्या काळात आपल्या शेतकऱ्याला आपण थकबाकीदार आहोत की नाही हेच कळत नव्हते.

बागायतीच्या जिल्ह्यात ही कथा, तर शाळू आणि कपाशीच्या रानाची काय? २००८ ची दोन हेक्टरची अट पावसावरच्या शेतकऱ्यासाठी फासच होती. सात-आठ एकर कोरड्या जमिनीचा मालक कागदावर मोठा शेतकरी ठरला. पंचाहत्तर टक्के आणायचे कुठून? त्याचे खाते थकीतच राहिले. २०१७ च्या राज्याच्या योजनेत दीड लाखाच्या वरचे आधी भरा असे सांगितले. २०१९ च्या योजनेत तर दोन लाखांच्या वर थकबाकी गेली की योजनेतूनच बाहेर. दर वेळी दाराबाहेर राहिलेल्यांची रांग तीच, आणि त्या रांगेच्या कपाळावर शिक्का तोच.

त्यांचे बारा महिने, आमची सात वर्षे

कायदा सगळ्यांना सारखा असता तर आम्ही एवढे बोललो नसतो.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की मागच्या दहा आर्थिक वर्षांत बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटी रुपयांची बुडीत कर्जे निर्लेखित केली. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालूच राहते, असे लगेच समजावून सांगतात. ठीक आहे. मग हेच समजावणे शेतकऱ्याच्या सत्तर हजारांच्या बाबतीत का आठवत नाही? त्याच्या खात्यावर निर्लेखनाचा शिक्का बसला की पुढची बँक त्याला उभी करत नाही.

८ जून २०२३ ला रिझर्व्ह बँकेने तडजोडीचे परिपत्रक काढले. ऐपत असून मुद्दाम बुडवणारा आणि फसवणूक करणारा यांच्याशीही बँकेला तडजोड करता येईल असे त्यात आहे. तडजोडीनंतर नवे कर्ज किती दिवसांनी? शेतीशिवायच्या कर्जांना किमान बारा महिने थांबा. शेतीकर्जाचे काय? ते बँकेच्या संचालक मंडळाने ठरवावे. नोंद त्या उद्योगपतीचीही राहते, हे खरे. पण त्याच्यासाठी उंबरठ्यावर बारा महिन्यांचा आकडा लिहिला आहे. आमच्या उंबरठ्यावर आकडाच नाही.

२०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा झाला. कंपनी बुडाली तर कर्ज छाटून नव्या मालकाच्या हाती कोरी पाटी देण्याची त्यात सोय आहे. त्याच कायद्यात माणसांसाठीही एक भाग आहे. तो २०१९ साली लागू केला तो कंपन्यांना जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. कंपनीला नवा जन्म, कंपनीच्या जामीनदाराला दरवाजा, आणि जोंधळा पिकवणाऱ्याला सिबिल!

नाव तारण घेतले

बँकवाले म्हणतील, ठेवीदारांचा पैसा आहे, कोणाला द्यायचा ते बघायला नको का? जरूर बघावे. उधार देणाऱ्याने वही ठेवू नये असे आम्ही कधी म्हटलेले नाही. कर्ज बुडवणे हा आमचा धंदा नाही. कर्ज फेडता येईल असा भाव द्या, एवढेच आम्ही मागत आलो. पण वही ठेवायची तर ती पुरी ठेवा. २०१८ साली राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, ते त्या वहीत आहे का? ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली महापुरात बुडाली, ते आहे का? उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असा १९६६ चा आदेश आहे; कारखान्याने ते थकवले म्हणून सोसायटी थकली, तर डाग कारखान्याला की सभासदाला? कापूस हमीभावाच्या खाली विकावा लागला त्याची नोंद कोणत्या कंपनीकडे आहे? त्या वहीत फक्त आपण देणे असलेले लिहितात, आपले येणे असलेले लिहीत नाहीत. एकाच बाजूची वही ही सावकाराचीच वही.

सात-बाऱ्याशी तुलना करा. बोजा चढवायचा तर फेरफार होतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. कर्ज फिटले की बोजा उतरतो आणि चावडीत जाऊन तो उतरला की नाही ते बघता येते. सिबिलच्या नोंदीला हरकत कधी घ्यायची? ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे थकबाकीची माहिती पाठवताना बँकेने कर्जदाराच्या मोबाईलवर संदेश पाठवायचा आहे. कळवायचे तेवढे, ऐकून घ्यायचे नाही.

मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावले की पीक कर्जासाठी शेतकऱ्याकडे सिबिल मागू नका, नाहीतर गुन्हे दाखल करू. असा दम पूर्वीही दिला गेला होता. दर वर्षी तोच दम द्यावा लागतो, याचा अर्थ काय तो ज्याने त्याने समजावा. बँका रिझर्व्ह बँकेचा नियम बघतात, मंत्र्याचे भाषण बघत नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जमीन तारण मागायची सोय गेली, म्हणून आता नाव तारण घेतले. जमिनीचे गहाणखत एक दिवस सुटते. गहाण पडलेले नाव सोडवायचे कसे?

बैठकीपुढचे ठराव

एक. सात वर्षे ही किमान नव्हे, कमाल मर्यादा करा. त्यानंतर थकबाकीची नोंद कोणालाही दाखवता कामा नये.

दोन. कर्ज फिटले, तडजोड झाली किंवा सरकारने भरले, तर शेतीकर्जाला बारा महिन्यांच्या वर थांबवता येणार नाही. बड्यांसाठी जो आकडा लिहिला तोच आमच्यासाठी लिहा, आणि तो कमाल म्हणून लिहा.

तीन. कर्जमाफीत बँकेला पैसे सरकारकडून मिळतात. बँकेला पैसे मिळाले तर ते खाते "पूर्ण फेड" असेच दिसले पाहिजे. पुढची कोणतीही योजना काढताना ही अट शासन निर्णयातच लिहा. एकदा दिलेली माफी पुन्हा फिरवायची नाही, हेही लिहा.

चार. दुष्काळ, पूर, कीड जाहीर झालेल्या तालुक्यात त्या हंगामाच्या थकबाकीवर गुण कापू नका.

पाच. नोंद करण्याआधी मराठीतून नोटीस आणि हरकतीला मुदत, फेरफारासारखी.

तोवर आपण काय करायचे

ठराव दिल्लीला पोचेपर्यंत हात बांधून बसू नका. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा प्रत्येकाला संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. गावातल्या शिकलेल्या मुलाला मोबाईल घेऊन बसवा आणि घरातल्या प्रत्येक खातेदाराचा अहवाल काढा. बायकांच्या बचत गटाचे आणि मायक्रोफायनान्सचे कर्जही बघा. आपण कोणाला जामीन असू तर तेही बघा. त्याने थकवले तर डाग आपल्यालाही लागतो.

चुकीची नोंद दिसली, फिटलेले कर्ज थकीत दिसले, तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत निकाल लावला नाही तर त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई त्यांनी द्यायची आहे. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. मागितल्याशिवाय ती मिळणार नाही, म्हणून तक्रारीतच मागा. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

निल दाखला घेतल्याशिवाय बँकेची पायरी उतरू नका, आणि तो दाखला सात-बाऱ्याइतका जपा. मुदत गेलेल्या जुन्या कर्जाच्या कोणत्याही कागदावर न वाचता सही करू नका. फेडीन असे लेखी वचन दिले की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मेलेले कर्ज पुन्हा जिवंत होते. सुप्याच्या कुळाला जे अंगठ्याने झाले ते आपल्याला सहीने व्हायला नको.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या गावातले अहवाल तपासून यादी आणावी: किती खाती फिटूनही थकीत दिसतात, कोणत्या सालची, किती रुपयांची. भाषणाला ते उत्तर देत नाहीत. गावागावाची यादी पुढे टाकली तर द्यावे लागेल.